ब्रेक्झिटच्या कौलानंतर लोकांची प्रतिक्रिया: कोणते आकडे विश्वासाने वापरता येतील?

सांजवात:
एका दिवाळी अंकासाठी, ब्रिटनने युरोपीय संघात (ईयू) राहावं की बाहेर पडावं यावर २३ जून २०१६ ला झालेल्या सार्वमतावर दीर्घ लेख लिहिते आहे. प्रचारावर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. मला निकालानंतरचे दिवस हवेत. कौल लागल्यावर सामान्य माणसं कशी वागली, काय बोलली, आणि ते आज कशावरून सांगता येतं?

निकालाचे अधिकृत आकडे हाताशी आहेत: बाहेर पडा (लीव्ह) १,७४,१०,७४२, राहू या (रिमेन) १,६१,४१,२४१, मतदान ७२.२ टक्के. अडचण प्रतिक्रियांच्या आकड्यांची आहे. जुन्या बातम्यांमध्ये तेच तेच पुन्हा सापडतं. फेरमतदानासाठी ४१ लाख सह्या झाल्या. निकालानंतर ब्रिटिश लोक गूगलवर 'ईयू म्हणजे काय' शोधत होते. तरुणांपैकी जेमतेम ३६ टक्के मतदानाला गेले आणि मग रडत बसले. लीव्हवाल्यांना दुसऱ्याच दिवशी पश्चात्ताप झाला. द्वेषमूलक गुन्हे ५७ टक्क्यांनी वाढले. यातलं काय जसंच्या तसं छापावं, काय खुलासा देऊन आणि काय सोडून द्यावं? आपल्या वाचकाला जवळचा वाटेल असा महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा खरा धागा असेल तर तोही सांगा. ओढूनताणून जोडलेला नको.

थेम्सकाठ:
सांजवातताई, सह्यांपासून सुरुवात करतो. हा आकडा खरा आहे, पण त्यामागची गोष्ट बहुतेक ठिकाणी अर्धीच छापली गेली.

ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर ई-याचिका करता येते. याचिका मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारे पाच जण असले की कर्मचारी ती नियमात बसते का ते तपासून प्रसिद्ध करतात. ती सहा महिने खुली असते. १०,००० सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं, १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. 'विचार होतो' हे नीट लिहा, चर्चेची हमी नसते. चर्चा झाली तरी ती वेस्टमिन्स्टर हॉल नावाच्या दालनात होते आणि तिथल्या चर्चेतून सरकारवर काहीही बंधनकारक होत नाही. ब्रिटिश नागरिक, मग तो जगात कुठेही असो, किंवा ब्रिटनमध्ये राहणारा कोणत्याही देशाचा माणूस सही करू शकतो. नाव, ईमेल आणि पोस्टकोड द्यायचा, ईमेलवर आलेल्या दुव्यावर टिचकी मारायची, मग सही मोजली जाते.

आता वगळली जाणारी गोष्ट. ही याचिका निकालानंतर लिहिलेली नाही. ती मे २०१६ च्या अखेरीस, मतदानाच्या महिनाभर आधी, मांडली गेली आणि मांडणारा लीव्हचा समर्थक होता. आपली बाजू थोडक्यात हरेल असं त्याला वाटत होतं. मागणी अशी: विजयी बाजूला ६० टक्क्यांपेक्षा कमी मतं आणि एकूण मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सार्वमत पुन्हा घ्यावं. मतदानाच्या दिवसापर्यंत तिच्यावर मूठभरच सह्या होत्या. २४ जूनच्या सकाळी रिमेनवाल्यांना ती सापडली आणि त्याच दिवशी एक लाखाचा टप्पा ओलांडला. गर्दीने संकेतस्थळ काही काळ बंदही पडलं.

मग घोळ झाला. पडताळणी फक्त ईमेलची, म्हणून यंत्रामार्फत खोट्या सह्या टाकणं सोपं होतं. व्हॅटिकन सिटीची लोकसंख्या हजाराच्या आत, आणि तिथून ३९,००० च्या वर सह्या दिसू लागल्या. संसदेच्या याचिका समितीने दोन दिवसांत सुमारे ७७,००० सह्या काढून टाकल्या. विरोधकांनी यावरून सगळी याचिकाच बनावट ठरवली, तेही चूक. प्रत्येक याचिकेची देशनिहाय आणि मतदारसंघनिहाय फोड संकेतस्थळावर खुली असते, त्यामुळेच तर चोरी लगेच पकडली गेली. सफाईनंतरचा अंतिम आकडा सुमारे ४१ लाख ५० हजार. तो छापायला हरकत नाही.

पण तो कशाशी तोलायचा? एकूण नोंदणीकृत मतदार सुमारे ४ कोटी ६५ लाख, म्हणजे सह्या त्यांच्या ९ टक्क्यांच्या आत. रिमेनच्या मतांशी तुलना केली तर साधारण चौथा हिस्सा. मात्र 'रिमेनच्या चौथ्या हिश्श्याने सह्या केल्या' असं लिहू नका. सही करणाऱ्याने मत कुणाला दिलं, दिलं की नाही, त्याला मताचा अधिकार तरी होता का, याची नोंद कुठेच नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पोलिश किंवा फ्रेंच माणसाला सार्वमतात मत नव्हतं, याचिकेवर सही मात्र करता येत होती. लंडन, ब्रायटन, केंब्रिज या रिमेनच्या बालेकिल्ल्यांत सह्या दाट आहेत, एवढं खुल्या फोडीवरून सांगता येतं.

सरकारने नकार का दिला तेही लेखात यायला हवं. २०१५ च्या सार्वमत कायद्यात किमान मतांची किंवा किमान मतदानाची अट नव्हती आणि खेळ संपल्यावर अट घालता येत नाही. अट हवी तर ती आधी घालावी लागते. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी सार्वमत झालं तेव्हा कायद्यातच लिहिलं होतं की एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'हो' म्हणायला हवं. 'हो'ला झालेल्या मतदानाच्या ५१.६ टक्के मतं मिळाली, पण एकूण मतदारांच्या ती सुमारे ३३ टक्केच भरली आणि योजना बारगळली. त्यामुळे उंबरठ्याची कल्पना ब्रिटनला नवी नव्हती. २०१५ मध्ये संसदेने ती ठेवली नाही, इतकंच. चर्चा ५ सप्टेंबर २०१६ ला झाली आणि तिथेच संपली.

मोर्चांबद्दल एक सूचना. २ जुलै २०१६ ला पार्क लेनपासून पार्लमेंट स्क्वेअरपर्यंत पहिला मोठा मोर्चा निघाला, तो काही दहा हजारांचा. पुढचे मोठे मोर्चे २० ऑक्टोबर २०१८ आणि २३ मार्च २०१९ चे. त्यांचे ७ लाख आणि १० लाख हे आकडे आयोजकांचे आहेत. मार्च २०१९ च्या मोर्चासाठी गर्दीशास्त्राच्या अभ्यासकाने छायाचित्रांवरून, रस्त्याचं क्षेत्रफळ आणि दाटी धरून काढलेला अंदाज ३ ते ४ लाखांचा होता. ब्रिटनच्या इतिहासात तोही फार मोठा मोर्चा ठरतो, म्हणून आकडा फुगवायची गरजच नाही. 'आयोजकांच्या मते' हे दोन शब्द गाळू नका.

गणिती:
मी गूगल, तरुण आणि पश्चात्ताप हे तीन मुद्दे घेते.

गूगलचा मुद्दा सोडून द्या, किंवा चुकीचं वाचन कसं पसरतं याचं उदाहरण म्हणून घ्या. २४ जूनला गूगल ट्रेंड्सने जाहीर केलं की निकाल येऊ लागल्यापासून ब्रिटनमध्ये युरोपीय संघाविषयीच्या प्रश्नांत 'ईयू म्हणजे काय' हा दुसऱ्या क्रमांकावर आहे. ही क्रमवारी फक्त ईयूविषयक प्रश्नांमधली होती. शिवाय ट्रेंड्स शोधांची संख्या देत नाही. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवतं. त्यामुळे शंभराचे तीनशे झाले काय आणि लाखाचे तीन लाख झाले काय, आलेख सारखाच दिसतो. एका विश्लेषकाने गूगलच्याच जाहिरात-साधनातून संख्या काढून पाहिली, ती दिवसाला हजाराच्या घरात निघाली. साडेचार कोटींच्या मतदारसंख्येत हजार शोध. ते करणारे मतदारच होते हेही ठाऊक नाही. शाळकरी मुलं आणि पर्यटकही असतील. 'मत देऊन झाल्यावर ब्रिटिशांनी विचारलं, ईयू म्हणजे काय' हे वाक्य जगभर फिरलं ते एवढ्याशा पायावर, आणि त्याने लाखो मतदारांचा विनाकारण अपमान झाला.

३६ टक्के तरुण: हा आकडा तर छापूच नका. एका वृत्तवाहिनीच्या सर्वेक्षण विभागाने तो प्रसिद्ध केला, पण तो सार्वमताच्या दिवशीच्या मतदानाचा नव्हता. २०१५ च्या निवडणुकीत मत दिलं होतं का, एरवी देता का, या वेळी नक्की देणार का, या उत्तरांवरून बांधलेला तो आडाखा होता. ब्रिटनमध्ये वयानुसार मतदानाची अधिकृत आकडेवारी निघतच नाही. मतपत्रिका गुप्त, आणि मतदान केंद्रावरच्या यादीत नावापुढे खूण होते पण वय नसतं. म्हणून वयाचा प्रत्येक आकडा सर्वेक्षणाचाच असतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी नंतर केलेल्या पाहणीतून १८ ते २४ वयोगटातल्या नोंदणीकृत मतदारांचं मतदान सुमारे ६४ टक्के आणि ६५ च्या वरच्यांचं ९० टक्के असा अंदाज निघाला. लोक 'मत दिलं' असं वाढवून सांगतात, त्यामुळे यालाही अंदाजच म्हणा. पण दोन्ही आकड्यांतून तरुणांविषयी निघणारा निष्कर्ष किती वेगळा आहे ते बघा.

कुणी कुणाला मत दिलं यासाठी लॉर्ड अॅशक्रॉफ्ट यांची मतदानाच्या दिवसाची पाहणी वापरा. १२,३६९ मतदार, मत देऊन झाल्यावर विचारलेले. १८ ते २४ मधले ७३ टक्के रिमेन, ६५ च्या वरचे ६० टक्के लीव्ह. लीव्हला मत देणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी मुख्य कारण सांगितलं ते 'ब्रिटनविषयीचे निर्णय ब्रिटनमध्येच व्हावेत' हे, आणि स्थलांतर व सीमांवरचं नियंत्रण हे ३३ टक्क्यांनी. 'सगळं स्थलांतराच्या रागातून झालं' असं लिहिण्याआधी हे दोन आकडे समोर ठेवा.

पश्चात्ताप. इथे तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. 'मी दिलेल्या मताचा मला पस्तावा होतो का', 'देशाने घेतलेला निर्णय चुकला का' आणि 'पुन्हा संघात जावं का'. तिघांची उत्तरं वेगवेगळी येतात. पहिल्या आठवड्यातल्या पश्चात्तापाच्या बातम्या मुख्यतः रस्त्यावरच्या मुलाखतींवर उभ्या होत्या. आपलं मत मोजलं जाईल असं वाटलंच नव्हतं, असं म्हणणारा मँचेस्टरचा एक मतदार दिवसभर दाखवला गेला. अशा माणसांचं लीव्हमधलं प्रमाण त्या काळातल्या पाहण्यांत एक आकडी टक्क्यांतच राहिलं. कॉर्नवॉलचंही उदाहरण देतात: ५६.५ टक्के लीव्ह, आणि निकालाच्या दिवशीच तिथल्या कौन्सिलने युरोपीय निधीची भरपाई मागितली. ती मागणी कौन्सिलची होती, तिच्यावरून मतदाराच्या मनाचा ठाव लागत नाही.

सलग तुलनेसाठी यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेचा एकच प्रश्न धरून चाला, कारण तो वर्षानुवर्षं त्याच शब्दांत विचारला जातो: मागे वळून पाहता, ब्रिटनने बाहेर पडण्याचं मत दिलं ते बरोबर की चूक? ऑगस्ट २०१६ मध्ये बरोबर ४६, चूक ४२. म्हणजे निकालानंतर दीड महिन्याने, पाउंड घसरलेला असताना, पंतप्रधान बदललेले असताना, बहुमत हललेलं नव्हतं. २०१७ च्या उत्तरार्धापासून 'चूक' हळूहळू पुढे गेलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चूक ५६, बरोबर ३२ झालं. हे सगळं मतपरिवर्तन नाही. मतपाहण्यांचे अभ्यासक प्राध्यापक जॉन कर्टिस यांनी वेळोवेळी दाखवलंय की यातला मोठा वाटा २०१६ मध्ये मत न दिलेल्यांचा आणि नव्याने मतदार झालेल्या तरुणांचा आहे. वयस्क मतदार काळाआड गेले, त्यांच्या जागी तरुण आले.

एक तांत्रिक सावधगिरी. 'तेव्हा कुणाला मत दिलं होतं' हे आज विचारलं तर माणसं विसरतात किंवा बदलून सांगतात. यूगव्हने आपल्या पॅनेलमधल्या लोकांचं मत सार्वमतानंतर लगेच नोंदवून ठेवलं, म्हणून तिथली फोड जास्त भरवशाची. जिथे जुनं मत नव्याने विचारलेलं आहे तिथे लीव्हमधल्या पश्चात्तापाचा आकडा जपून घ्या.

सांजवात:
दोघांचेही आभार. ३६ टक्के आणि गूगल दोन्ही काढून टाकले. वाचताना एक शंका आली. याचिका, मोर्चे, शोध, सगळं हरलेल्या बाजूचंच दिसतंय. जिंकलेल्या १ कोटी ७४ लाखांची प्रतिक्रिया कुठे शोधायची?

थेम्सकाठ:
हा प्रश्न लेखाचा कणा होऊ शकतो. जिंकलेला माणूस सही कशावर करणार आणि मोर्चा कशासाठी काढणार? त्याची प्रतिक्रिया निर्णय रखडल्यावर उमटली आणि ती मतपेटीत सापडते.

क्रम असा लावा. पंतप्रधान कॅमेरून यांनी २४ जूनच्या सकाळीच पद सोडत असल्याचं जाहीर केलं, पण संघ सोडण्याची रीतसर सूचना, म्हणजे कलम ५० खालचं पत्र, ताबडतोब दिलं नाही. ३ नोव्हेंबर २०१६ ला उच्च न्यायालयाने ठरवलं की संसदेच्या संमतीशिवाय हे पत्र देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दैनिकाने तीन न्यायाधीशांची छायाचित्रं छापून त्यांना 'जनतेचे शत्रू' म्हटलं. त्या मथळ्यात लीव्ह बाजूचा एक खरा धसका होता, की जिंकूनही आपल्याला फसवलं जाईल. सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ ला आठ विरुद्ध तीन असा निकाल कायम केला, संसदेने कायदा केला आणि २९ मार्चला पत्र गेलं. त्यानंतर लीव्ह मतदार शांत झालेला दिसतो. जून २०१७ च्या निवडणुकीत, संघ सोडण्याची मागणी करणारा यूकिप पक्ष १.८ टक्क्यांवर आला. काम झालं, पक्षाची गरज संपली, असा त्याचा सरळ अर्थ.

मग २९ मार्च २०१९ ची मुदत टळली. त्या दिवशी पार्लमेंट स्क्वेअरमध्ये लीव्हवाल्यांची सभा झाली, संडरलँडहून निघालेली त्यांची पदयात्राही तिथेच संपली. दोन महिन्यांत युरोपीय संसदेची निवडणूक आली आणि त्याच वर्षी पुढे आलेल्या ब्रेक्झिट पार्टीने सुमारे ३० टक्के मतं आणि २९ जागा घेतल्या. सत्तेवरचा हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्ष १० टक्क्यांच्या खाली गेला. कलम ५० मागे घ्या म्हणणाऱ्या २०१९ च्या याचिकेवरच्या ६१,०३,०५६ सह्या आणि हा निकाल एकाच वसंत ऋतूतले आहेत. दोन्ही एकाच पानावर छापा. एकच छापलं तर देशाचं चित्र एका बाजूला कलतं.

न्यायपत्र:
द्वेषमूलक गुन्ह्यांवर लिहिताना फार काळजी घ्या. इथे वाढ खरी आहे, आणि चुकीचा आकडा वापरला की ती नाकारणाऱ्यांना आयतं हत्यार मिळतं.

५७ टक्के कुठून आले? पोलिसांचं 'ट्रू व्हिजन' नावाचं ऑनलाइन तक्रार पोर्टल आहे. सार्वमताच्या गुरुवारपासून रविवारपर्यंत तिथे ८५ तक्रारी आल्या, चार आठवड्यांपूर्वीच्या त्याच चार दिवसांत ५४ होत्या. ५४ चे ८५, म्हणजे ५७ टक्के. राष्ट्रीय पोलीस प्रमुख परिषदेने तेव्हाच बजावलं होतं की ही देशभराच्या गुन्ह्यांतली वाढ समजू नये, हा फक्त एका मार्गाने आलेल्या तक्रारींचा आकडा आहे. बातम्यांत तो इशारा गळाला.

त्याऐवजी गृहखात्याची मासिक आकडेवारी घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये जुलै २०१६ मध्ये वंश किंवा धर्माच्या द्वेषातून झालेले ५,४६८ गुन्हे पोलिसांनी नोंदवले. जुलै २०१५ पेक्षा ते ४१ टक्क्यांनी जास्त होते. वर्षाशी वर्षाची तुलना महत्त्वाची, कारण असे गुन्हे दर उन्हाळ्यात वाढतात. जूनची मार्चशी तुलना केली तर वाढ आपोआप फुगते. ऑगस्टमध्ये आकडा उतरला, तरी आधीच्या वर्षाच्या पातळीवर लगेच आला नाही. सगळ्या प्रकारच्या द्वेषगुन्ह्यांची वार्षिक नोंद २०१५-१६ मध्ये ६२,५१८ होती, २०१६-१७ मध्ये ८०,३९३ झाली. या २९ टक्क्यांतला काही भाग पोलिसांची नोंद सुधारल्यामुळेही आहे, असं गृहखात्याने स्वतःच म्हटलंय.

नोंद कशी होते तेही समजून घ्या. पीडित व्यक्तीला, किंवा पाहणाऱ्या कुणालाही, कृत्यामागे द्वेष आहे असं वाटलं की पोलिसांना तशी खूण करावी लागते. पुरावा नंतर तपासला जातो. म्हणून घटना, नोंदलेला गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर संख्या घटते. लेखात एका पायरीचा आकडा दुसरीच्या नावाने जाऊ देऊ नका.

ठोस उदाहरण हवं तर हॅमरस्मिथच्या पोलिश सांस्कृतिक केंद्राचं द्या. २६ जूनला, रविवारी सकाळी, त्याच्या दर्शनी भागावर शिवराळ मजकूर रंगवलेला सापडला. त्यानंतर शेजारपाजारच्या लोकांनी तिथे फुलं आणि पत्रं आणून ठेवली. ही दुसरी बाजूही सार्वजनिक प्रतिक्रियाच आहे, ती गाळू नका. ऑगस्टमध्ये हार्लो इथे एका पोलिश माणसाचा मारहाणीत मृत्यू झाला, तो मात्र 'ब्रेक्झिटचा खून' म्हणून लिहू नका. जगभर तसं छापलं गेलं. पुढे खटल्यात एका अल्पवयीन मुलाला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली, पण तो खटला द्वेषगुन्हा म्हणून चालला नाही. खासदार जो कॉक्स यांची हत्या १६ जूनची, म्हणजे मतदानाच्या आधीची. निकालानंतरच्या प्रतिक्रियांत ती मिसळू नका.

मांडवीतीर:
ताई, गोव्याचा धागा सगळ्यात पक्का आहे आणि मराठीत त्यावर कमी लिहिलं गेलंय.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेले लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं यांना पोर्तुगीज कायद्यानुसार नागरिकत्व मिळवता येतं. जुन्या नोंदवहीतला आजोबांचा किंवा वडिलांचा जन्मदाखला काढायचा, लग्नाची नोंद जोडायची, लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात ते नोंदवायचं, मग ओळखपत्र आणि पासपोर्ट. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. इतकं सगळं करून बहुतेक जण पोर्तुगालला न जाता ब्रिटनला गेले, कारण पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे संघाचा नागरिक, आणि संघाच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय काम करता येत होतं. गोदामं, कारखाने, विमानतळ, रुग्णालयं. स्विंडन शहरात आणि लंडनच्या पश्चिमेला साउथॉल-हाउन्सलो भागात अशी वस्ती झाली. स्विंडनने ५४.७ टक्के लीव्हला मत दिलं.

आता मतदानाच्या हक्कातली विसंगती पाहा. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, ब्रिटनमध्ये रीतसर राहत असतील तर, या सार्वमतात मत होतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर नोकरीसाठी गेलेला पुण्याचा अभियंता मत देऊ शकत होता. संघातल्या देशांच्या नागरिकांना मात्र मत नव्हतं, अपवाद आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचा. म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोंयकाराला मत नाही, आणि त्याच घरात भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या त्याच्या बायकोला आहे. ज्याचं राहणं पणाला लागलं होतं त्यालाच बोलता येत नव्हतं.

कौलानंतर या लोकांची पहिली प्रतिक्रिया धास्तीची होती, आणि उत्तर मिळायला जवळजवळ तीन वर्षं लागली. 'ईयू सेटलमेंट स्कीम' ३० मार्च २०१९ ला सगळ्यांसाठी खुली झाली. अट ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये राहायला आलेलं असण्याची, अर्जाची मुदत ३० जून २०२१. सलग पाच वर्षांचं वास्तव्य असेल तर 'सेटल्ड' (कायम राहण्याचा हक्क), कमी असेल तर 'प्री-सेटल्ड' (तात्पुरता). आधी ठेवलेलं ६५ पाउंड शुल्क रद्द करत असल्याचं जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालं. लोक अडखळले ते 'सलग' या शब्दावर: बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलं तर साखळी तुटत असे. आजारी आईवडिलांसाठी गावी आलेल्या, किंवा २०२० च्या टाळेबंदीत गोव्यात अडकलेल्या माणसाला हे जड गेलं. महत्त्वाच्या कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंत सूट होती, पण ती कागदपत्रांनी दाखवावी लागे.

महाराष्ट्राच्या वाचकासाठी दुसरा धागा दक्षिण आशियाई लीव्ह मतदारांचा. वर गणिती यांनी सांगितलेल्या अॅशक्रॉफ्ट यांच्या पाहणीत आशियाई वंशाच्या मतदारांपैकी ३३ टक्के लीव्हच्या बाजूने होते. पुष्कळ भारतीय ज्या स्लाउमध्ये राहतात तिथे ५४.३ टक्के लीव्ह. यामागे व्यवहाराची कारणं होती. युरोपातला कामगार तेव्हा व्हिसाशिवाय येत होता, आणि भारतातून बायकोला आणायला वर्षाला १८,६०० पाउंड उत्पन्न दाखवावं लागत होतं. रेस्तराँसाठी स्वयंपाकी आणायचा तर त्याला २९,५७० पाउंड पगार द्यावा लागत होता. 'युरोपाचं दार बंद झालं की आपलं उघडेल' हे आश्वासन प्रचारात दिलं गेलं होतं. बांगलादेशी आणि भारतीय रेस्तराँ चालवणाऱ्यांच्या संघटना निकालानंतर काही महिन्यांतच जाहीरपणे नाराज झाल्या, कारण स्वयंपाक्यांच्या व्हिसाच्या अटी सैल झाल्या नाहीत. खऱ्या अपेक्षाभंगाचं उदाहरण हवं असेल तर हे घ्या. गूगलच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

मुंबई शेअर बाजाराची एक ओळ पुरे. २४ जूनला सेन्सेक्स सुमारे ६०५ अंकांनी खाली बंद झाला, आणि जग्वार लँड रोव्हरमुळे टाटा मोटर्स ८ टक्क्यांच्या आसपास पडला.

गणिती:
एक राहिलं. न बोलता व्यक्त झालेली प्रतिक्रिया पासपोर्ट आणि नागरिकत्वाच्या अर्जांत दिसते आणि ती सहीपेक्षा वजनदार आहे, कारण तिला पैसे, कागद आणि वेळ लागतो.

जर्मनीने नागरिकत्व दिलेले ब्रिटिश: २०१५ मध्ये ६२२, २०१६ मध्ये २,८६५, २०१७ मध्ये ७,४९३. यामागे भावना होती तसा नियमही होता. तेव्हा जर्मनी साधारणपणे संघातल्या देशांच्या नागरिकांनाच मूळ नागरिकत्व ठेवून जर्मन होऊ देत असे. ब्रिटन बाहेर पडल्यावर ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला असता, म्हणून मुदतीच्या आत अर्ज करण्याची निकड होती.

आयर्लंडचे आकडे वापरताना पाय घसरतो. २०१६ मध्ये आयर्लंडने विक्रमी ७ लाख ३३ हजारांवर पासपोर्ट दिले, पण त्यातले बहुतेक आयर्लंडमध्येच राहणाऱ्यांचे, नूतनीकरणासकट. ब्रेक्झिटची प्रतिक्रिया म्हणून फक्त उत्तर आयर्लंड आणि ग्रेट ब्रिटनमधून आलेले अर्ज मोजा: उत्तर आयर्लंडमधून साधारण पावपट वाढ, ग्रेट ब्रिटनमधून ४० टक्क्यांच्या आसपास. आई किंवा वडील आयर्लंडच्या बेटावर जन्मलेले असतील तर थेट पासपोर्ट मागता येतो. फक्त आजी-आजोबा असतील तर आधी परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं, त्याला बरेच महिने जातात. त्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात ज्यांनी आजीचा दाखला शोधायला घेतला त्यांचा पासपोर्ट २०१७ च्या आकड्यात आला असण्याची शक्यता जास्त. वर्षनिहाय तक्ता देणार असाल तर ही दिरंगाई तळटीपेत लिहा.

थेम्सकाठ:
आणि तक्त्यात स्कॉटलंड वेगळा दाखवा. तिथले सगळे ३२ कौन्सिल विभाग रिमेनचे होते, एकूण ६२ टक्के. दुसऱ्या स्वातंत्र्य सार्वमताची 'दाट शक्यता' असल्याचं स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन २४ जूनलाच बोलल्या होत्या. 'ब्रिटिश जनतेची प्रतिक्रिया' असं एकवचनी शीर्षक दिलंत तर एडिनबरा, बेलफास्ट आणि बॉस्टन (लिंकनशायरमधलं, ७५.६ टक्के लीव्ह) एकाच पोत्यात जातील. इंग्लंड ५३.४ आणि वेल्स ५२.५ लीव्ह, उत्तर आयर्लंड ५५.८ रिमेन. प्रत्येकाला वेगळा परिच्छेद द्या.